बाहेरचं घड्याळ

विल्सन पगारेंचा सिक्वेन्सर
शरणपूरहून रिक्षात मांडीवर घेऊन आलो,
जुन्या चादरीत गुंडाळलेला,
गाठ पगारेबाईंनी मारलेली.
म्हणाल्या, आत त्यांचं काहीतरी आहे,
मला ते चालू करता येत नाही.

चालू केला तर आधी बोलला ते हेच:
बॅटरी संपत आली.
आतला नाण्याएवढा सेल. तो मेला
की स्मरण पुसलं.
आणि स्मरणात एकच रचना, क्रमांक सात,
बिननावाची.
पगारे गाण्यांना नावं देत नसत,
माणसांना मात्र ठेवत.

मला ठेवलेलं: पळपुटा.
कारण आमचं ढोलपथक.
पंचवटीतून निघताना जी लय असते
ती मेन रोडला पोचेस्तोवर दीडपट,
आणि पुढे शिट्टी घेऊन मीच.
उतार दिसला की तुमच्या ढोलाला ब्रेक नसतात,
म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

तर आता सिडकोतल्या खोलीत
पाच पिनांची एक केबल,
इकडे कॉम्प्युटर, तिकडे डबा.
रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हट्टी,
मालक मीच, असं धरूनच उघडतं.
पहिल्या रात्री दोघंही पुढे चालले,
दोघंही एकमेकांना हाका मारत,
एका ठोक्याचे दोन, दोनाचे चार.
खालच्या मजल्यावरून लोखंडेंनी काठीनं छत ठोकलं,
तेवढा एकच जागेवर पडला.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका वाचली.
एक चौकोन असतो: बाहेरचं घड्याळ.
त्यात खूण करायची,
मग लाल बटण दाबायचं,
आणि काहीच होत नाही.
पडद्यावरची रेघ उभी राहते,
दुसऱ्यानं सुरू करायची वाट बघत.
मला ते बघवेना.
एकशेवीस ढोलांसमोर उभा राहिलेला माणूस मी.

ते घड्याळ वेळ सांगत नाही, हेही तेव्हा कळलं.
लय किती, आकडा त्याला ठाऊकच नाही.
एका मात्रेत चोवीस वेळा
फक्त म्हणतं, आत्ता.
आत्ता. आत्ता.
दोन आत्तांमधलं अंतर मोजून
बाकीचं ऐकणाऱ्यानं ओळखायचं.
म्हणून पडद्यावर आकडा थरथरतो,
पंच्याण्णव पूर्णांक आठ, शहाण्णव पूर्णांक एक,
शहाण्णव,
आणि डबा तापला की पुन्हा जरासा ढळतो.

चार मिनिटं वीस सेकंद
हात मांडीवर ठेवून बसलो.
खाली धिमा बास,
वर चर्चमधल्या पेटीसारखी एक चाल,
आणि तिसऱ्या मिनिटाला अचानक
ओळखीचा ठोका.
टिपरू दोनदा, मग थापी, मग पुन्हा टिपरू.
आमचाच.
फक्त न पळता.

इतका हळू मी तो कधी ऐकला नव्हता.
त्यात जागा होती.
टिपरू वर गेलेलं खाली येईपर्यंत
पुढच्या माणसाला मान वळवून
मागे कोण कोण आहे ते बघता येईल, एवढी.

माझी बोटं मांडीवर पुढे गेली. दोनदा.
रेघ नाही गेली.

शेवटी डब्यानं थांब म्हटलं
आणि कॉम्प्युटर थांबला.
मी कुठेच हात लावला नव्हता.
डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकतच राहिला.
असे जुने डबे घड्याळ चालूच ठेवतात,
वाजवायला काही उरलं नसलं तरी.

जपून ठेवताना सॉफ्टवेअरनं नाव विचारलं.
सात, एवढंच लिहिलं.
रविवारी प्रार्थना सुटली की बाईंना ऐकवीन.

मग सेल आणायला शालिमारकडे निघालो,
डबा तसाच चालू ठेवून.
जिन्यावर पाय नेहमीसारखे पळाले.